कुजलेल्या घडाची गोडी

सामान्य काळातील सत्ताविसावा रविवार (वर्ष अ)
पहिले वाचन : यशया ५:१-७
स्तोत्र : ८०
दुसरे वाचन : फिलिप्पैकरांस पत्र ४:६-९
शुभवर्तमान : मत्तय २१:३३-४३



सलग तिसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्याला द्राक्षमळ्यात घेऊन आली आहे. पंधरा दिवसांपूर्वी आपण दिवस मावळायच्या तासभर आधी कामाला लागलेल्या मजुरांची गोष्ट ऐकली. त्यांनाही पूर्ण दिवसाचा रोज मिळाला. मागच्या रविवारी एका बापाने आपल्या दोन मुलांना मळ्यात कामाला जायला सांगितले. एकजण आधी नाही म्हणाला आणि मग गेला, दुसरा हो म्हणून घरीच बसला. आजही यशया संदेष्टा आणि प्रभू येशू आपल्याला मळ्याचीच गोष्ट सांगतात. पण आजची गोष्ट दुःखाची आहे.

यशयाच्या गोष्टीतल्या धन्याने काहीही करायचे बाकी ठेवलेले नाही. त्याने सुपीक टेकडी निवडली, जमीन खणली, धोंडे वेचून काढले, उत्तम जातीचे वेल लावले, राखणीला बुरूज बांधला, रस काढायला कुंड खोदले. मग तो हंगामाची वाट पाहत बसला. हंगाम आला आणि घड निघाले ते वाईट. भाषांतरात आपण रानटी किंवा आंबट द्राक्षे असे शब्द ऐकतो. मूळ हिब्रू शब्द मात्र ज्या धातूपासून आला आहे, त्याचा अर्थ दुर्गंधी सुटणे असा होतो. म्हणजे धन्याच्या हाती आले ते नासलेले, वास मारणारे फळ. परमेश्वराने आपल्या लोकांकडे न्यायाची अपेक्षा केली आणि त्याला रक्तपात दिसला. नीतिमत्त्वाची अपेक्षा केली आणि त्याच्या कानी गरिबांचा आक्रोश आला.

आज या नासण्याविषयी, कुजण्याविषयीच आपण थोडे चिंतन करू या. कारण द्राक्षाच्या कुजण्याची एक गोष्ट अशी आहे, की ती ऐकल्यावर आपण आपल्या आयुष्याकडे आणि शेजारच्या माणसाकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

एकच बुरशी, दोन शेवट

फेब्रुवारी-मार्चमध्ये दादर स्टेशनबाहेर, लालबागच्या बाजारात, गिरगावच्या नाक्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. आपण घड हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो. एखादा मणी मऊ पडलेला, त्यावर राखेसारखी बुरशी धरलेली दिसली की घड परत ठेवतो. भैय्यासुद्धा तो मणी तोडून टाकतो, कारण एक कुजला की शेजारचेही कुजतात हे त्याला ठाऊक असते.

या करड्या बुरशीचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. पहिला शब्द ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडाच्या शब्दावरून आला आहे आणि दुसऱ्याचा लॅटिन अर्थ आहे राखेच्या रंगाची. राखेच्या बुधवारी जी राख आपल्या कपाळावर लागते, तोच रंग. पावसाळी, दमट हवा सतत राहिली तर ही बुरशी सबंध मळा खाऊन टाकते. मणी फुटतात, रस गळतो, त्यावर दुसऱ्या बुरश्या आणि माश्या बसतात आणि वर्षाची मेहनत जाते.

पण जगात काही मोजक्या जागा अशा आहेत, की तिथले शेतकरी याच बुरशीची वाट पाहतात. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या दक्षिणेला सोतेर्न नावाचा भाग आहे. तिथे सिरों नावाची थंड पाण्याची लहान नदी गारोन नावाच्या मोठ्या नदीला मिळते. शरद ऋतूत या थंड पाण्यामुळे पहाटे मळ्यांवर धुके पसरते. धुक्याच्या ओलाव्यात बुरशी पिकलेल्या मण्यांवर धरते. दुपारी मात्र धुके विरते, कोरडे ऊन पडते आणि बुरशीचा जोर आवरला जातो. असे रोज घडते. पहाटे धुके, दुपारी ऊन.

या दिवसांत मण्याच्या आत काय होते? बुरशी मण्याच्या सालीला नजरेला न दिसणारी बारीक छिद्रे पाडते. त्या छिद्रांतून पाणी उडून जाते. मणी सुरकुततो, तपकिरी पडतो, अगदी जुन्या मनुकेसारखा कळाहीन दिसू लागतो. बुरशी थोडी साखर आणि थोडा आंबटपणा स्वतःही खाते. पण पाणी इतके कमी होते, की उरलेला रस मधासारखा दाट होतो. त्यात मधाचा, जर्दाळूचा असा एक गंध येतो, जो ताज्या द्राक्षात कधीच नव्हता. इंग्रजीत याला नोबल रॉट म्हणतात. आपण तिला खानदानी कूज म्हणू या.

हे मणी एकाच दिवशी तयार होत नाहीत. म्हणून तोडणारी माणसे त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा येतात. कित्येक आठवडे ती मळ्यात फिरतात आणि प्रत्येक वेळी घडातले तयार झालेले तेवढेच मणी हाताने काढतात. हा रस आंबवायला ठेवला, की त्यातले यीस्ट साखरेचे मद्य करता करता थकते आणि थांबते. पुष्कळ साखर शिल्लक राहते आणि सोनेरी रंगाचा गोड द्राक्षारस तयार होतो. सोतेर्नमधल्या शातो दिकेम या प्रसिद्ध मळ्यात एका वेलीमागे साधारण एक पेलाभरच रस मिळतो असे सांगतात. एरवीच्या मळ्यात एका वेलीपासून बाटलीभर किंवा त्याहून अधिक मिळते. आणि हवा साधली नाही तर तेवढेही नाही. २०१२ साली द्राक्षे मनासारखी आली नाहीत म्हणून त्या मळ्याने आपल्या नावाची गोड वाईन काढलीच नाही.

बंधू-भगिनींनो, इथे क्षणभर थांबा. बुरशी तीच आहे. द्राक्षेही द्राक्षेच आहेत. एका मळ्यात त्यातून दुर्गंधी निघते, दुसऱ्या मळ्यात मधाचा गंध. मग फरक कशाने पडतो?

उशिरा आलेला निरोप

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी एक जुनी हकिगत ऐका. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी योहानिसबर्ग नावाची टेकडी आहे. बेनेडिक्टाइन संन्याशांनी तिथे मठ बांधला आणि स्नानक योहानाचे नाव त्या जागेला मिळाले. अठराव्या शतकात हा मळा फुल्दा येथील मठाधिपतींच्या मालकीचा होता. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तोडणी सुरू करता येत नसे. म्हणून दर वर्षी द्राक्षे पिकली की एक स्वार नमुन्याचे घड घेऊन फुल्द्याला जाई आणि परवाना घेऊन परत येई.

१७७५ साली हा स्वार वेळेवर परतलाच नाही. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही. आठवडे उलटले. आसपासच्या मळ्यांची तोडणी झाली, रस कुंडात पडला. योहानिसबर्गचे लोक मात्र रस्त्याकडे डोळे लावून बसले आणि डोळ्यांदेखत त्यांची द्राक्षे कुजली. शेवटी स्वार आला. आता काय तोडायचे, असाच प्रश्न होता. तरी त्यांनी ते कुजलेले, सुरकुतलेले घड तोडले, वेगळे ठेवले आणि रस काढला. पुढच्या वसंतात पिंप उघडून चव घेतली तेव्हा अशी वाईन कुणी चाखली नव्हती, असे सांगतात. आज त्या जागी उशिरा आलेल्या स्वाराचा पुतळा उभा आहे.

अशी वाईन जगात पहिल्यांदा तिथेच झाली असे मात्र नाही. हंगेरीतल्या तोकाय भागात त्याआधी शंभराहून अधिक वर्षे ती होत होती. पण ही हकिगत मला महत्त्वाची वाटते ती दुसऱ्याच कारणाने. त्या लोकांनी घड फेकून दिले नाहीत. सगळे संपले असे दिसत असतानाही त्यांनी टोपल्या उचलल्या आणि मळ्यात गेले. आजच्या शुभवर्तमानात येशू स्तोत्राची आठवण करून देतो : बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला. नाकारलेल्या दगडाचे जे झाले, तेच इथे नाकारलेल्या घडाचे झाले. काना गावच्या लग्नातही चांगला द्राक्षारस शेवटी आला होता, हे आपण विसरू नये.

निफाडच्या बागेत

पण थांबा. ही गोष्ट सांगून मी इथेच आमेन म्हटले, तर ते खोटे बोलणे होईल.

याच ऑक्टोबर महिन्यात नाशिक जिल्ह्यात, निफाड आणि दिंडोरीच्या बागांत गोडी छाटणी चालू असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, असे आपल्याकडच्या द्राक्षबागेचे वर्ष असते. या दुसऱ्या छाटणीनंतर घड धरतात, म्हणून नावच गोडी. छाटणी झाली की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. घड फुलोऱ्यात असताना किंवा मण्यात साखर भरताना अवकाळी पाऊस आला, तर डावणी येते, भुरी येते, मणी तडकतात, घड कुजतात. कर्ज काढून उभी केलेली बाग दोन रात्रींत जाते.

त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून मी जर म्हटले, "दादा, ही कूज खानदानी आहे, देवाने तुमच्या भल्यासाठीच पाठवली," तर तो मला काय म्हणेल? आणि तो जे म्हणेल ते बरोबरच असेल. त्याच्या बागेत धुक्यानंतरचे कोरडे ऊन नाही. त्याची कूज ती फक्त कूज आहे.

नाशिकमध्येही गोड वाईन होते. सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि पुढे तिने शेनिन ब्लां नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची उशिरा तोडणीची गोड वाईनही काढली. पण तिथे मुख्य काम बुरशीचे नसते, उन्हाचे असते. घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत मणी आपोआप आटतो. आपल्या घरांतली रीत तर याहून साधी. गिरगावच्या खोताच्या वाडीपासून वसईपर्यंत कितीतरी ईस्ट इंडियन घरांत नाताळच्या आधी काळ्या मनुकांची वाईन बरणीत घातली जाते. मनुका म्हणजे उन्हाने सुरकुतलेले द्राक्षच. आपल्या आज्यांना फ्रेंच नावे माहीत नव्हती. पण आटलेल्या फळात गोडी जास्त असते, हे त्यांना पक्के माहीत होते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. फरक बुरशीमुळे पडत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी. पहिली, फळ पिकलेले असावे लागते. कच्च्या मण्यावर तीच बुरशी धरली तर तो नुसता सडतो. दुसरी, धुक्यानंतर ऊन यावे लागते. आणि तिसरी, पुन्हा पुन्हा येणारे, मणी मणी पाहणारे हात लागतात. या तिन्हीपैकी एकही कमी पडली तरी गोडी येत नाही.

गिरणगावातले धुके

आता मळा सोडून आपण आपल्या रस्त्यांवर येऊ.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच हळूहळू बंद झाल्या. लालबाग, परळ, करी रोड, लोअर परळ या भागात सकाळी भोंगा होत असे, तो थांबला. जिथे साचे चालत, तिथे आज मॉल आणि उंच इमारती आहेत. त्या घरांतली पुष्कळशी माणसे गावी गेली, काही विरार-कल्याणला गेली, काही अजून त्याच चाळीत आहेत. त्यांत आपलेही लोक होते. ज्या हातांना साच्याची प्रत्येक नस ठाऊक होती, ते हात एका दिवसात कुणाच्याही उपयोगाचे राहिले नाहीत.

त्या धुक्यात काही माणसे सडली, हे आपण मान्य करू. दारूच्या गुत्त्यांनी घरे खाल्ली, काही तरुण टोळ्यांकडे गेले, कित्येक बायका-मुलांनी मार खाल्ला. ती माणसे मुळात वाईट होती म्हणून असे झाले का? माझा त्यावर विश्वास नाही. त्यांच्यावर धुके पडले आणि दुपारचे ऊन आलेच नाही.

आणि काही ठिकाणी ऊन आले. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची गोष्ट तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना या बाया घरी रांधून जेवू घालत. पहाटेपासून चुलीशी राबत; पण वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांतून त्यांची कधी सुटका होत नसे. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. या बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेच्या कर्जाची दारे त्यांना उघडली. पुढे संपाने खानावळीचे गिऱ्हाईकच गेले, तेव्हाही मंडळामुळे अनेकींना हाताला काम राहिले. कष्ट तेच होते, चाळ तीच होती, दारिद्र्यही तेच होते. पण कुणीतरी त्या बाईच्या दारात आले, तिचे नाव विचारले आणि पुन्हा आले. हेच ते ऊन.

प्रत्येक धर्मग्रामात अशी माणसे असतात. चाळिशीत विधवा झालेली आणि आता शेजारणीच्या मुलांचा अभ्यास घेणारी एखादी आजी. बिछान्याला खिळलेल्या बायकोची दहा वर्षे सेवा करणारा आणि तरीही तोंडावर हसू असलेला एखादा निवृत्त फिटर. त्यांच्याजवळ बसले की मनाला बरे वाटते. तसेच दुःख भोगलेले दुसरे एखादे माणूस मात्र कडू झालेले असते. ते कुणाशी बोलत नाही. बोलले तर टोचून बोलते, आणि आपण त्याचा जिना टाळतो. पहिल्याला आपण संत म्हणतो आणि दुसऱ्याला तिरसट. पण दोघांनाही लागलेली बुरशी एकच होती, हे आपल्या ध्यानात येते का? दुसऱ्याच्या घरी दुपारी कोण गेले होते?

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. ज्याच्या घरी मृत्यू, आजार किंवा अपयश आले आहे, त्याला लगेच सांगू नका की यात देवाची योजना आहे. ती योजना देव त्याला सांगेल, त्याच्या वेळेला. प्रभू येशू लाजराच्या कबरेशी गेला तेव्हा आधी रडला. दुःख आपोआप कुणालाही पवित्र करीत नाही. क्रूस स्वतः गोड नव्हता. तो मारण्याचे साधन होता. तिसऱ्या दिवसाच्या सूर्योदयाने त्याचा अर्थ बदलला.

अल्तारावरचा पेला

आपल्या मिस्साच्या द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभेचा एक नियम आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातले ९२४ वे कलम सांगते, की हा द्राक्षारस नैसर्गिक असावा, द्राक्षाच्या फळाचाच असावा आणि बिघडलेला नसावा. आंबून व्हिनेगर झालेला चालत नाही. आता विचार करा. कुजलेल्या मण्यांचा द्राक्षारस बिघडलेला म्हणायचा का? नाही. तो द्राक्षाचाच आहे, नैसर्गिक आहे, शुद्ध आहे. कुजणे वेगळे आणि बिघडणे वेगळे, हा फरक अल्तारालाही मान्य आहे.

मिस्सात धर्मगुरू अर्पणाच्या वेळी द्राक्षारसाला वेलीचे फळ आणि मानवी हातांची कृती म्हणतात. या हातांत तोडणारा मजूर आला, छाटणारा शेतकरी आला, आणि ज्यांच्या हाताला आज काम नाही तेही आले. आपल्या आयुष्यात जे जे आटले, सुरकुतले, ज्यावर राख धरली, ते सगळे त्या पेल्यात घालायची आपल्याला मुभा आहे. आपल्या मते जे टाकाऊ, ते घरी ठेवून येऊ नका.

द्राक्षारसाविषयी बोलतो आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पवित्र शास्त्र द्राक्षारसाला देवाचे दान म्हणते. तो माणसाचे हृदय आनंदित करतो असे एकशे चारावे स्तोत्र सांगते, आणि बेन सिराखच्या पुस्तकात तो माफक प्यावा असा सल्ला आहे. ही गोड वाईन तर स्वभावानेच माफक आहे. ती जेवणाच्या शेवटी, थंड करून, लहान पेल्यात घेतात. एक बाटली आठ-दहा जणांना पुरते. घाईने ती पिताच येत नाही. एकेक घोट जिभेवर ठेवावा लागतो. तिच्यासोबतचा गोड पदार्थ तिच्याहून कमी गोड हवा, नाहीतर तिची चव हरवते. खारट चीजशी तिची छान जोडी जमते. चांगली बाटली कित्येक दशके टिकते, म्हणून युरोपात काहीजण मूल जन्मले त्या वर्षीची बाटली त्याच्या लग्नासाठी राखून ठेवतात. आनंद असा घ्यावा : थोडा, वाटून आणि उपकार मानून.

पण ज्या घराने दारूचे दुःख पाहिले आहे, त्या घरात हा सगळा भाग कुणी आदर्श म्हणून वाचू नये. ज्याला एक पेलाही बाधतो, त्याच्यासाठी न पिणे हीच मोठी गोडी आहे. खुद्द ख्रिस्तसभा हे जाणते. ज्या धर्मगुरूंना मद्याचा आजार आहे, त्यांना बिशपांच्या परवानगीने मस्टम, म्हणजे आंबण्याची क्रिया सुरुवातीलाच थांबवलेला द्राक्षाचा रस, अर्पण करता येतो. त्यांचा मिस्सा तेवढाच पूर्ण असतो. मुंबईत कितीतरी चर्चच्या आवारात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा भरतात. तिथे आपली कहाणी सांगणारी माणसे पाहिली, की खानदानी कूज म्हणजे काय ते कळते. ज्या गोष्टीने त्यांचा नाश केला, तिच्याचविषयी बोलून ती दुसऱ्याला वाचवतात.

ऊन व्हा

आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्याला सांगतो, की जे सत्य, जे आदरणीय, जे शुद्ध, त्याचे मनन करा. कशाचीही चिंता करू नका. हे शब्द त्याने लिहिले तेव्हा तो तुरुंगात होता. पण लक्षात घ्या, तो तिथे एकटा पडला नव्हता. फिलिप्पैच्या मंडळीने त्याची आठवण ठेवून मदत धाडली होती, आपला एपफ्रदीत त्याच्याकडे पाठवला होता. पौलाच्या पत्रातला आनंद हा त्या लहानशा मंडळीच्या उन्हाचाही आनंद आहे.

आणि यशयाचा धनी? त्याचा राग आपल्या लक्षात राहतो. पण स्तोत्र ८० मध्ये तोच मळा देवाला हाक मारतो, की स्वर्गातून खाली पाहा, या वेलीची भेट घ्यायला ये. शेवटी देवाने आपला पुत्र मळ्यात पाठवला. तो मळ्याबाहेर मारला गेला. आणि तोच आता वेल झाला आहे, ज्याच्या आपण फांद्या आहोत. म्हणजे देवाने नासलेला मळा सोडून दिला नाही. तो स्वतः त्यात उतरला.

धुके आणणे आपल्या हाती नाही, आणि ते थांबवणेही बहुधा नसते. पण दुपारचे ऊन होणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. संत विन्सेंट दी पॉल सोसायटीचे सदस्य घरोघरी जातात. त्यांच्यासोबत महिन्यातून एक दुपार द्या. पहिल्या शुक्रवारी आजारी भाविकांकडे पवित्र कम्युनियन नेले जाते. त्यानंतर त्या घरात पंधरा मिनिटे बसायला कुणी आहे का? रोझरीचा महिना चालू आहे. या आठवड्यात माळेची प्रार्थना एखाद्या अशा घरी म्हणा, ज्या घरी बऱ्याच दिवसांत कुणी आले नाही. आणि एकदाच जाऊन थांबू नका. मळ्यातले ते तोडणारे एका फेरीत सगळे उरकत नाहीत. आज तयार नसलेला मणी ते वेलीवर ठेवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.

आणि तुमच्यापैकी जो आज स्वतःच त्या धुक्यात आहे, जो मागच्या बाकावर बसून म्हणतो आहे की माझे आता काही उरले नाही, त्याला एवढेच सांगतो. स्वार अजून वाटेत आहे. धन्याने तुला तोडून फेकलेले नाही. तू वेलीवरच आहेस.

घरी विचार करण्यासाठी

१. माझ्या आयुष्यातली कोणती गोष्ट मी कुजलेली समजून देवापासून दूर ठेवली आहे?
२. माझ्या इमारतीत, चाळीत किंवा वाडीत कडू झालेले असे कोण आहे, ज्याचा जिना मी टाळतो? या आठवड्यात मी तिथे केव्हा जाईन?
३. दुःखात असलेल्या माणसाला मी उपदेश करतो की सोबत देतो?
४. माझ्या घरात आनंदाचा पेला कुणाच्या दुःखाचे कारण होत नाही ना?

प्रार्थना

हे द्राक्षमळ्याच्या धन्या, तू आमच्यासाठी काहीही करायचे बाकी ठेवले नाहीस. आमचे वाईट फळ पाहूनही तू आपल्या पुत्राला आमच्यात पाठवलेस. ज्यांची बाग पावसाने गेली, ज्यांची गिरणी बंद पडली, ज्यांच्या घरात आज अंधार आहे, त्या सर्वांवर तुझे ऊन पडू दे. आम्हांला पुन्हा पुन्हा जाणारे पाय आणि निवडून घेणारे हात दे. आमच्या आयुष्यातले जे सुरकुतले आहे ते तुझ्या पेल्यात घे आणि त्याचा सर्वांना पुरेल असा आनंद कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.